आप्पांची दुसरी कॉपी

पेन ड्राइव्ह पुढे केला तरी शिवलिंगआप्पा तो लगेच हातात घेत नसत. आधी विचारत, “दुसरी कॉपी कुठंय?” नाही म्हटलं की मूळ काम बाजूला ठेवून आधी कॉपी करत. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्यांना फरक पडत नसे. “एकच हाय म्हंजी न्हायच हाय असं धरा,” म्हणत.

लोहाऱ्याला तहसीलसमोर त्यांचं झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान होतं. चिडले की ते कानडीत पुटपुटत. आम्हा सीमेलगतच्या लोकांना ते बरंचसं कळतं, हे त्यांना ठाऊक होतं.

माझी त्यांची खरी गाठ पडली ती रेणुकामुळे. जवळच्या सास्तूरची ही मुलगी मी शिकवायचे त्या दहावीच्या वर्गात होती, जन्मापासून अंध. परीक्षा महिन्यावर आली, तेव्हा मी इतिहासाचे धडे माझ्या मोबाइलवर वाचून रेकॉर्ड केले. तिच्याकडे बटणांचा साधा फोन. त्यात फक्त एमपीथ्री वाजतं, एवढं मला माहीत होतं. म्हणून शाळेच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक फाइलच्या नावाचं टिंबापुढचं शेपूट पुसून तिथं ‘एमपीथ्री’ टाइप केलं, फाइली तिच्या फोनच्या मेमरी कार्डात भरल्या आणि कार्ड तिला दिलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाई, एक बी धडा वाजंना.”

मी कार्ड दुकानात नेलं; आप्पांनी ते लावून पाहिलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. “बाई, पोत्यावर ज्वारी लिवलं म्हणून आतला गहू ज्वारी व्हतो व्हय?”

मी वीस वर्षं शिकवत होते. मला असं कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी सगळ्या फाइली रीतसर एमपीथ्रीत बदलल्या. मी म्हटलं, आणखी लहान करा, कार्डात जागा कमी आहे.

“न्हाय. लई दाबलं की आवाज हंड्यातून आल्यावाणी येतो. तिला इचारून दोन गाणी काढा की.” मग थांबून म्हणाले, “कुठला धडा कुठं, पोरीला कळणार कसं?”

“प्रत्येक फाइलला नाव दिलंय मी.”

“वाचणार कोण?”

त्यांनी माइक ओढला आणि प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला स्वतःच्या घोगऱ्या आवाजात जोडून दिलं, “धडा पयला. ह्यो नको आसंल तर म्होरचं बटण दाब.” असं शेवटच्या धड्यापर्यंत. कार्ड माझ्या हाती देण्याआधी पेन ड्राइव्हवर दुसरी कॉपी घ्यायला लावली. शाळेची वेळ झाली होती, मी वैतागले.

रेणुका पास झाली. पुढे शिकायला बाहेरगावी गेली.

आप्पा मागच्या वर्षी वारले. महिनाभराने रेणुकाचा फोन आला. “बाई, माझं कार्ड खराब झालं. ते धडे तुमच्याकडं हायत का?”

“दहावीचा इतिहास आता कशाला गं?”

“इतिहास नगं, बाई. धड्याच्या सुरुवातीचं तेवढं पायजे.”

पेन ड्राइव्हवर धडे होते. मी ते तिला पाठवले. त्याआधी एक कॉपी करून ठेवली.