अंबिकेची खुर्ची

हुलसूरच्या बळीरामांची पंचशीला शाळेत असेपर्यंत तरी तापट नव्हती. ऑक्युपेशनल थेरपी शिकून ती मुलखात परतली आणि "म्हंजे मालिश का?" या प्रश्नाला उत्तर देता देता तिचा पारा चढायला लागला. मालिश नाही हो! आजारानं माणसाच्या हातून सुटलेली रोजची कामं, म्हणजे जेवण, अंघोळ, वेणीफणी, त्याला झेपेल तशी पुन्हा करता यावीत, एवढंच तिचं शास्त्र. पण ऐकून घेईल कोण?

मुडबीच्या आप्पारावांच्या घरी तर पहिल्याच दिवशी तिचं डोकं फिरलं. त्यांची थोरली सून अंबिका. तापाचं निमित्त झालं आणि तिनं जे अंथरूण धरलं ते सुटेना. उजेड सोसेना, आवाज सोसेना, घास तोंडाशी नेईपर्यंत हात गळून पडायचा. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि "काही नाही, चालायला लावा" म्हणून मोकळे झाले. सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, तो हुकूम इमानेइतबारे पाळला. रोज सकाळी सुनेला बखोटीला धरून अंगणात फिरवायचं. ती आणखी खचली, की आणखी फिरवायचं.

"चालल्याबिगर कशी बरी व्हईल?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"मावशी, चालवून चालवूनच तिची ही गत झालीय. या आजारात अंगात रोज थोडकीच ताकद येती. त्याच्यावर ताणलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस आडवं. ती ताकद कशाला लावायची, हे अंबिकाक्काला इचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. पंचशीलेनं विचारलं. अंबिका डोळे मिटूनच म्हणाली, "माझ्या हातानं जेवायचंय." तान्ह्या लेकरासारखं भरवून घ्यायची तिला लाज वाटत होती.

संडास होता परसात. अंगण ओलांडून जाऊन येण्यातच अंबिकेचा सगळा दिवस संपायचा. पलंगाशेजारी भांडं बसवलेली खुर्ची ठेवली, तर ती ताकद जेवणाला उरणार होती. साधी गोष्ट. पंचशीलेनं दवाखान्यातून खुर्ची मिळवून दिली.

पुढच्या खेपेला खुर्ची गोठ्यात, वर पेंडीचं पोतं. आणि अंबिकेला पाणी पाजायलासुद्धा मान उचलून धरावी लागत होती.

"भिंतीपल्याड देवघर हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "तिथं असलं कसं चालंल ओ मॅडम?"

आप्पाराव खाली बघून म्हणाले, "भावकी बघायला यायलीय. लोक काय म्हनतील?"

पंचशीलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोन भावकी? आजारी बाईला उठवून बसवायलेत, डोक्यावर पदर घ्यायला लावायलेत, ती? सून मेली तर चालंल तुमाला, पर लोकांनी..." तिचा आवाज घरभर घुमायला लागला.

आतून कण्हणं आलं. अंबिकेनं दोन्ही कान दाबून धरले होते. "अक्का," ती पुटपुटली, "तुमी तरी हळू बोला."

पंचशीलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती गोठ्यात गेली, पोतं खाली ढकललं, खुर्ची धुतली आणि उचलून थेट ओसरीवरून आत आणली. वच्छलाबाई दारात आडव्या उभ्या.

"मावशी," पंचशीला कुजबुजली, "देवाला उचलून न्यायला घरात एवढी माणसं हायत. हिला मातर रोज चालत जावं लागायलंय."

वच्छलाबाई अखेर वाटेतून सरल्या, देवघरात गेल्या आणि देव पदरात घेऊन पुढच्या खोलीकडं निघाल्या, तोंडानं पुटपुटतच. अंगणातलं फिरवणं त्या दिवसापासून बंद झालं आणि आप्पारावही भावकीला दारातूनच परत लावायला लागले.

काही आठवड्यांनी पंचशीला आली तेव्हा अंबिका उशीला टेकली होती. तिनं दुधात कुस्करलेल्या भाकरीचे दोन घास स्वतःच्या हातानं खाल्ले आणि ताटली बाजूला सारली. चेहरा घामेजलेला, पण ओठांवर हसू.

वच्छलाबाईंनी हात जोडले. "जागा बदलली आन् देव पावला बघा, मॅडम!"

पंचशीलेच्या ओठांवर चार खणखणीत वाक्यं आली. अंबिकेकडं बघून तिनं ती सगळी गिळली.