शनिवारचं तेल

बोळिंजच्या आमच्या इमारतीतले समोरचे काका शनिवारी गॅस पेटवत नाहीत, लिफ्टचं बटण दाबत नाहीत. मी अतिशहाण्यानं त्यांना मारुतीभक्त ठरवलं आणि दर शुक्रवारी तेलाची बाटली देऊ लागलो. ‘‘काका, उद्या माझ्याही नावानं वाहा.’’

‘‘पोचेल हो,’’ ते म्हणायचे.

परवा मी विचारलं, ‘‘तुमची साडेसाती कधी संपायची?’’

‘‘आम्हा यहुद्यांची? दोन हजार वर्षं चाललीय!’’ ते खळखळून हसले. ‘‘कोकणात मात्र सुखात होतो. शनिवार आमचा विश्रांतीचा सब्बाथ, तेलाचा घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, एवढंच.’’

‘‘मग माझं तेल?’’

‘‘शुक्रवारीच पुजाऱ्याकडे देऊन येतो. तुमचा नेम कशाला मोडायचा?’’

देऊळ आमच्या फाटकासमोरच आहे. मी शनिवारी उशिरा उठतो.