वंशावळीतल्या दोन गंगाबाई

वसमतच्या स्टँडवर आईनं गळ्यातला चांदीचा टाक माझ्यापुढं धरला. "मोठ्या आईच्या पाया पड." मोठी आई म्हणजे बाबांची पहिली बायको, बाळंतपणात लेकरासकट गेलेली. तिची मूर्ती उठवलेला तो टाक आई लग्नापासून गळ्यात घालायची. मला गाडी सुटायची घाई. घाईतच हात लावला नि एसटीत चढलो. तिथून मुंबई, मग जर्मनी.

इथं पहिल्या हिवाळ्यात करमेना, म्हणून लॅपटॉपवर आपल्या खानदानाची वंशावळ भरायला घेतली. आपल्या हट्टा गावचे, शिरड शहापूरचे, तुम्ही सगळे आहात त्यात. चार हजारांवर माणसं झाली. कुणाची सोयरीक निघाली की आधी मला मेसेज येतो, आणि मी आपला शहाणा, सात पिढ्या काढून देतो!

एवढ्या पसाऱ्यात तीच तीच नावं. सॉफ्टवेअर सारखं विचारायचं, ही दोन माणसं एकच आहेत का? मी हो-हो करत सुटायचो. एका रविवारी तशाच दोन गंगाबाई एक केल्या. नाव एक, नवरा एक. वाटलं, काकांनी पाठवलेल्या फाईलमधून आईच डबल आली असेल. दोन दिवसांनी बघतो तर माझी आई माझ्या जन्माच्या चार वर्षं आधीच वारलेली!

फोनवर हसत हसत आईला सांगितलं. ती म्हणाली, "बराबर केलास की. मला लग्नातच तिच्यात घातलं व्हतं. पहिलीनं रागावू न्हाई म्हणून तिचंच नाव ठिवलं माझं."

मी विचारलं, "मग तुझं माहेरचं नाव काय गं?"

"आता काहून पायजे ते? आलास की सांगते."

मीही धरून बसलो नाही. दिवाळीला जाणारच होतो. दोन दिवाळ्या हुकल्या.

आई गेली, मी तिसऱ्या दिवशी पोचलो. दहाव्याला गुरुजींनी नाव विचारलं, मी खणखणीत "गंगाबाई" सांगितलं. मागं शिरडची मावशी पदर तोंडाला लावून रडत होती. उठताना म्हणाली, "कौसा व्हती रे ती. माझ्या बहिणीला तिच्या नावानं घास बी न्हाई भेटला." मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. अजून वाटते.

परत आल्यावर दोघींना वेगळं केलं. एका चौकोनात कौसा लिहिलं. पण त्यानं काय होतंय? तिला त्या नावानं ओळखणारं आता मावशीशिवाय कुणी उरलेलं नाही.

इथं कुणी घर विचारलं की मी अजून हट्टाच सांगतो. घराला कुलूप आहे, किल्ली तुमच्यापैकीच कुणाकडं तरी असेल. पण खरं सांगू? त्या घरात एक बाई जन्मभर दुसरीच्या नावानं नांदली, आणि चार हजार जणांची नावं विचारत फिरणाऱ्या तिच्या लेकाला तिचं नाव विचारायला सवड झाली नाही. घर म्हटलं की आता मला एवढंच आठवतं.