भात्यावर बसलेली बाई

छप्पन-सत्तावन साली मी हिंगणीला मास्तर होतो. तिथल्या बाजारात पन्नाशीचा एक कल्हईवाला बसे. एका हाताने भाता ओढायचा, दुसऱ्याने भांडं फिरवायचा आणि सतत स्वतःशीच बोलायचा. एका बाजारी पाहिलं, तर भात्यावर पिकल्या केसांची एक बाई. लोक हसत होते.

“ह्या कोण?” मी विचारलं.

तो लाजला. “विधवा होती, गुरुजी. सैपाकाचा गंज घेऊन आलती कल्हईले. माह्यं बोलनं आयकत बसली. मंग म्हने, ‘एकटेच काऊन बोलता? मले सांगा ना.’ मागच्या हप्त्यात पाट लावला.”

“उठा आता,” बाई म्हणाली, “भाकर थंडी होऊन राह्यली.”

भांडं उतरवून तो लगेच उठला. त्याला कुणी जेवायला बोलावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.