खांद्यावरचा पंजा

आमच्या माणदेशात भुताखेतांच्या गोष्टींना तोटा नाही, पण मी त्यातला नव्हे. ज्या चिंचेखालून लोक भरदिवसा धावत सुटायचे, तिथं मी मुद्दाम थांबून बिडी ओढायचो. देवावरही माझी फार भिस्त नव्हती... सणाला नैवेद्य दाखवला की आपलं काम संपलं. तेव्हा पुढचं वाचून ‘म्हातारा चळला’ असं कुणाला वाटलं तर माझी तक्रार नाही. तरुणपणी मीही तेच म्हणालो असतो.

बहात्तरच्या दुष्काळात आमची मेंढरं गेली आणि मी बायकोला घेऊन सांगलीजवळ माधवनगरला आलो. एका कापडगिरणीत मागावर लागलो. मागखात्यात खडखडाट इतका, की शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून सगळा कारभार हातानं. माग बिघडला की जॉबर येऊन दुरुस्त करायचा. त्यानं खांद्यावर दोन थापा मारल्या म्हणजे ‘चालू कर’. पंजा सपाट ठेवून दाबला म्हणजे ‘थांब’. थापा पडल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही, हा तिथला नियम अगदी नवखा माणूसही पाळायचा.

आमचे जॉबर याकोबनाना. साताऱ्याचे ख्रिस्ती, पन्नाशीचे, तोंडानं फटकळ. दाबताना त्यांचा अंगठा नेमका माझ्या मानेच्या हाडावर टेकायचा. डोळे मिटूनही मी तो पंजा ओळखला असता.

एका दुपारी नाना माझ्या मागात उजवा हात घालून बसले होते आणि मला घाई झाली होती. शेजारचा रोज माझ्यापेक्षा जास्त कापड काढायचा, तेच डोक्यात. वाटलं, झालं असेल काम. थापा पडल्याच नव्हत्या — मी हँडल ओढलं. नानांची दोन बोटं गेली.

पंधरा दिवसांनी ऑफिसात चौकशी झाली. मी म्हणालो, "नानांनी डाव्या हातानं दोन थापा मारल्या, म्हणून चालू केला." नाना समोरच उभे होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि एक शब्द बोलले नाहीत. चूक त्यांच्यावर पडली, नोकरी गेली, ते साताऱ्याला निघून गेले. मी सुटलो.

सुटलो कसला! त्या दिवसापासून मला बसवेना. जेवायला बसलो की दोन घास खाऊन उठायचो. अंथरुणाला पाठ लागली की छातीत माग सुरू. सुट्टीच्या दिवशी उगाच स्टेशनपर्यंत जायचो आणि परत यायचो. बायको, हौसा, मला देवऋष्याकडं घेऊन गेली. त्यानं करणी सांगितली, लिंबं उतरवली. मी मनात म्हटलं, करणी खरीच आहे बाबा, पण माझीच! असे आठ महिने गेले. हौसा एकदा रडून म्हणाली, "आवं, तुमी घरात आसून न्हाई." तिला तरी काय सांगणार होतो?

शेवटी एका सुट्टीला साताऱ्याची एसटी धरली. ठरवलं होतं, नानांचे पाय धरायचे. पण स्टँडवर उतरलो आणि पुढं जायचा धीर होईना. भिंतीला टेकलेल्या बाकावर बसलो. समोर सांगलीची गाडी लागली होती. म्हटलं, चला परत... कुणाला काय कळणार आहे? उठलो.

आणि खांद्यावर पंजा पडला. सपाट, जड. अंगठा मानेच्या हाडावर. मी खाली बसलो. वळून पाहिलं तर भिंत — पानाच्या पिचकाऱ्या आणि वेळापत्रकाचा फळा. पुन्हा उठलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी जागचा हललो नाही, नुसती बोटं मोजली. उजवा पंजा होता आणि बोटं पाचही होती. बारा-साडेबाराचं लख्ख ऊन, माणसांची ही गर्दी, आणि मी घामानं निथळत होतो. शेजारची गाठोडंवाली म्हातारी म्हणाली, "काय रं बाबा, उठतुयास काय, बसतुयास काय? ती बग, गाडी गेली."

मग विचारत विचारत गेलो. नाना चर्चच्या आवारात झाडलोट करून मागच्या खोलीत राहत होते. मला पाहून म्हणाले, "सदा? ये. बस आदी."

मी उभ्याउभ्याच सगळं ओकलो. थापा पडल्या नव्हत्या, मी खोटं बोललो.

"मला ठाऊक हाय की रं," नाना म्हणाले. "मी तितंच व्हतो."

"मग बोलला का न्हाई तवा?"

"बोलनार व्हतो. तुजं त्वांड बगितलं... मरनाचं भ्यालं व्हतं. शबूदच फुटंना." मग हसले. "आनि लय साधू समजू नगंस मला. दोन म्हयने तुज्या नावानं बोटं मोडली, दोन कमी आसून बी. मग दमलो. प्रभूला म्हनलं, ह्यो राग मला पेलत न्हाई, तू घे. आनि त्या पोराला बी एका जागी बसव कुटंतरी. तवापासनं रोज तुजं नाव घेतो."

मी त्यांना स्टँडवरचं सांगितलं. विचारलं, "नाना, कुनाचा हात म्हनायचा?"

"मला काय इचारतुस? मी तवा भांडी घासत व्हतो. आनि परतेक गोष्टीचा जबाब द्यायला प्रभू काय आपला नोकर हाय?"

त्यांच्या बायकोनं माझ्यापुढं ताट ठेवलं. नानांनी डोळे मिटून चार साधे शब्द म्हटले, त्यात माझं नाव होतं. मी रडलो, आणि मग आठ महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन खरं सांगितलं. साहेब म्हणाले, "बंद झालेलं प्रकरण उकरतोस? उद्यापासून येऊ नको." नानांना परत घेतलं नाहीच. पण त्यांच्या नावावरची चूक मी समोर उभा राहून माझ्या नावावर लिहवून घेतली.

पुढं मी सांगलीतल्या चर्चच्या शेवटच्या बाकावर बसायला लागलो. हौसानं आधी "आता बाटनार काय?" म्हणून भांडण काढलं, नंतर तीही शेजारी येऊन बसायला लागली. भावकीनं नावं ठेवली, त्याला इलाज नाही. त्या हाताचं कोडं मात्र आजही तसंच आहे. भास म्हणा, मनाचे खेळ म्हणा... माझ्याकडं ना प्रूफ, ना लॉजिक.

पण नोकरी गेली त्या दुपारचं सांगतो. घरी आलो, हौसाला सगळं सांगितलं आणि फरशीवर आडवा झालो. तिनं हलवून जागं केलं तेव्हा दिवस मावळायला आला होता.

"आवं, काम गेलं म्हनताय आनि घोरताय काय! उंद्या काय खायाचं?"

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो, आणि कूस बदलून पुन्हा झोपलो.