उजेडरावाचं गाऱ्हाणं

भागोजीला आज प्रत्यक्ष देव जरी भेटला असता, तरी त्याने त्याला चार शब्द सुनावलेच असते. डोक्यावर फोमचा भलामोठा बल्ब, त्याला ताटलीएवढे डोळे, कानापर्यंत हसू, आणि आत घामाने निथळणारा पन्नाशीचा भागोजी. विजेच्या शेगड्या घ्या म्हणून सांगणारा हा 'उजेडराव' सकाळपासून हातखंब्याच्या नाक्यावर नाचत होता. घरोघरी विजेवर रांधा म्हणे! कसली कपाळाची वीज! भागोजीच्या वाडीचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून अठरा दिवस झाले होते. बायको मथुरा मासळी विकायची. तिचा फ्रीज बंद, बर्फ आणून आणून जीव मेटाकुटीला आलेला. अर्जावर अर्ज केले. वायरमन 'बघतो' म्हणून जो गेला तो गेलाच.

शिमग्यात नमन-खेळ्यांत नाचणारा म्हणून या प्रचाराच्या ठेकेदाराने भागोजीला धरलं होतं. तोही कबूल झाला तो एवढ्यासाठीच, की कार्यक्रमाला विजेचे मोठे साहेब येणार होते. समोरासमोर सांगायचं आणि नवा डीपी पदरात पाडून घ्यायचा. तर ठेकेदाराने ऐन वेळी बजावलं, "उजेडराव बोलत नाही हां. नुसता हात हलवायचा."

"मग माणूस कशाला आणलात? बुजगावणं उभं करायचंत!" भागोजी आतून करवादला. कोणाला ऐकूच गेलं नाही.

साहेब आले, नारळ फुटला, भाषण झालं. साहेब गाडीकडे वळले तशी भागोजीच्या मस्तकात तिडीक गेली. तो धावत आडवा गेला. मोठ्यांपुढे मागणं मागायची त्याला एकच रीत ठाऊक: देवळात घालतात ते गाऱ्हाणं. त्याने हात जोडले नि बल्बातून खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! अठरा दिवस वाडी काळोखात हाय रे म्हाराजा!"

नाक्यावरची माणसं इथलीच. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं.

"व्हय म्हाराजा!"

"डीपी जळलाय, मासळी कुजतेय, तुझी माणसं दाद देत नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साहेब थांबले. टाळ्या वाजवत ठेकेदाराला म्हणाले, "वा! लोककला वापरलीत. झकास बसवलंय. हेच आता गावोगाव करा."

भागोजीचा संताप अनावर झाला. त्याने बल्ब उपटून काढला. "अहो साहेब, नाटक नाय हे! खरंच सांगतोय मी! आमच्याच वाडीचा डीपी जळलाय!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा नाका हसत गरजला, आणि साहेबांची गाडी सुटली.