उंच केलेली जीप

माझ्या धाकट्या भावाला गाडीतलं काय कळतं, असं कुणी विचारलं तर मी सांगते, रंग. बाकीचं सगळं त्याला मोबाइलमधल्या पोरांनी शिकवलंय. ती पोरं वाळवंटात नाहीतर बर्फात गाड्या नाचवतात आणि आमचा हा पालमच्या बसस्टँडमागं खुर्ची टाकून ते बघत बसतो. त्यानं आयुष्यात पार केलेला सगळ्यात अवघड घाट म्हणजे गंगाखेड रस्त्यावरचे खड्डे.

जीप घेतली होती ती बाबांसाठी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना मोटारसायकलवर मागं बसवेना. शेत गावापासून लांब, त्यातही शेवटचा तुकडा गाडीवाटेचा. पावसाळ्यात तिथं साधी कार रुतते, म्हणून चारही चाकांना जोर असलेली छोटी जीप घ्यायचं घरात ठरलं. माझं सासर गावातच, त्यामुळं मी हे सगळं डोळ्यांनी बघितलंय. दार उघडलं की बाबा आधी सीटवर बूड टेकवायचे, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचे. रोज सकाळी शेतात जायचे, काठी टेकत तुरीच्या ओळीतून फिरायचे, गड्यावर उगीच खेकसायचे आणि जेवायला घरी यायचे. त्यांच्या तोंडावर तेज आलं होतं.

हे भावाला बघवलं नसावं. दिवाळीच्या आधी तो जीप घेऊन नांदेडला गेला आणि आणली तेव्हा ती ओळखू येईना. स्प्रिंगा बदललेल्या, खाली ठोकळे बसवून गाडी वर उचललेली, आणि टायर असे की ट्रॅक्टरवाल्यानं वळून बघावं.

"हे कशाला रे?" मी विचारलं.

"आक्का, तुला न्हाई कळायचं. ग्राउंड क्लिअरन्स वाढलाय. आता कुठंबी घाल, अडायची न्हाई."

"कुठं घालणार हायेस?"

तो फडक्यानं टायर पुसायला लागला. बाबा काठी टेकत गाडीभोवती फिरले. सीट त्यांच्या छातीला लागत होती.

"लय उंच केलास रे," ते म्हणाले.

"सवय होती बाबा, हळूहळू."

गुडघ्यांना सवय होते म्हणे. मी म्हटलं, निदान दाराखाली पायरी तरी बसव. तर म्हणाला, पायरी खडकाला घासते आणि लूक जातो. आमच्या शिवारात खडक बघायचा तर विहीर खणावी लागते. पण लूक जातो म्हटल्यावर विषयच संपला.

त्यानंतर बाबांचं शेतात जाणं बंद झालं. ते येळवशीची वाट बघत होते, एवढं मला कळत होतं.

आमच्याकडं येळवशीला, म्हणजे थंडीतल्या त्या अमावस्येला, गाव रिकामं होतं. सगळे आपापल्या शेतात जेवतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा होते, आणि घरातला कर्ता माणूस पिकाभोवती फिरत आंबील शिंपडतो. आमच्या शेतात ते काम बाबांचं. मला आठवतंय तेव्हापासून त्यांचंच.

त्या सकाळी बाबा पांढरे कपडे घालून, टोपी चढवून दारात तयार. भावानं प्लास्टिकचं स्टूल आणलं. स्वतः वरून बाबांच्या बगलेत हात घातले आणि त्याच्या दोस्तानं खालून रेटा दिला. अर्ध्यावर गुडघा वाकेना आणि स्टूल सरकलं. बाबा पडले नाहीत, टोपी पडली. गल्लीतली माणसं टोपल्या घेऊन निघाली होती, ती थांबून बघायला लागली. ज्या माणसासमोर गल्ली अदबीनं बोलायची, त्याला धान्याच्या पोत्यासारखं वर चढवणं चाललं होतं. माझ्या अंगाची लाही झाली.

"तुमी जावा," बाबा टोपी झटकत म्हणाले. "मला भूक न्हाई."

मी रिक्षा बघते म्हटलं, पण येळवशीला रिक्षावाले तरी गावात कुठले? मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचा माठ, सगळं गाडीत दिलं आणि मी बाबांजवळ थांबले. भाऊ जाताना म्हणाला, "बाबा, तुमाला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवतो."

दाखवलं की. दुपारी फोन आला तर आधी दिसली जीप, समोरून, मग बाजूनं. कोप कुठंतरी मागं होती.

"आंबील शिंपडली का?" बाबांनी विचारलं.

"शिंपडतो ना. आधी हे बघा."

फोन दोस्ताच्या हातात देऊन त्यानं जीप गव्हात घातली. गव्हाला आदल्या दिवशीच पाणी दिलेलं. मोबाइलमधल्या पोरांची वाळू वेगळी आणि आमची काळी माती वेगळी, हे इथं जन्मलेल्या माणसाला सांगावं लागू नये. त्या टायरांच्या खाचा मातीनं भरल्या आणि चाकं नुसते गोळे होऊन जागच्या जागी फिरायला लागली. तो ॲक्सिलेटर दाबत राहिला. गाडी पोटावर बसली, आणि कोवळा गहू मुळासकट उडताना दोस्तानं इमानदारीत दाखवला.

बाबांनी फोन डोळ्यांजवळ धरला होता. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"त्यानं शिंपडली न्हाई, बाई," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी शेजारच्या ट्रॅक्टरनं जीप ओढून काढली. भावानं गाणं लावून व्हिडिओ टाकला. ट्रॅक्टर तेवढा त्यातनं कापला होता.

पाडव्याला बाबांनी शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं. भाऊ म्हणाला, बरं झालं, बाबांच्या मागचा ताप गेला. इतका मूर्ख माणूस माझ्या सख्ख्या नात्यात आहे, याची मला आजही लाज वाटते.

बटईदार आठवड्यातून एकदा येतो. बाबा त्याला खुर्ची देतात, चहा सांगतात आणि विचारत राहतात, विहिरीचं पाणी कुठवर आलंय, तूर कशी हाय, वरच्या अंगाला हरळी माजली का. तो घाईत असतो, दोन शब्दांत उरकतो आणि उठतो. माझे बाबा कधी कुणाच्या मिनत्या करणारे नव्हते.

"बस की अजून," ते त्याला म्हणतात. "बांधावरच्या लिंबाचं सांगितलंच न्हाई तू."